तिला जमत नाही

हशा पिकला आणि त्यात मीही हसले. तोंड आपोआप उघडलं, घशातून आवाजसुद्धा आला, आणि मग लक्षात आलं की आपण कशाला हसतोय. पडद्यावर निळ्या चौकटीत एक वाक्य होतं: ‘माझ्या मुलीला कशाचीच गरज नाही, ती माझी राणी आहे.’ खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: आई, मेक्सिकन, वय अठ्ठावन्न, मुलगी, ऑटिस्टिक, वय चोवीस. हशा वाईट नव्हता, प्रेमळ होता, आणि तोच मला जास्त झोंबला. विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाचा हॉल, ऐंशी-नव्वद माणसं, गळ्यात नावांच्या पट्ट्या, बाहेर टेबलावर झाकून ठेवलेलं जेवण. माझ्या शेजारची बाई ‘किती गोड’ असं पुटपुटलीसुद्धा. ते वाक्य मी लिहून घेतलं होतं, या हाताने, सव्विसाव्या रस्त्यावरच्या एका स्वयंपाकघरात. आणि ते बोलणारी बाई या क्षणी छातीवर टाके घेऊन घरी पडून होती. गोड म्हणे.

व्यासपीठावर डॉक्टर ग्रासिएला मोन्तालबान. स्पॅनिश बोलणारी, म्हणजे आमच्यातलीच, असं विभागात सगळे कौतुकाने म्हणतात. आमच्यातली खरी, पण ती बोगोताहून विमानाने आली, शिकायला, आणि तिच्या आईकडे स्वयंपाकाला बाई होती. माझी आई मेक्सिकोतल्या गेर्रेरोहून शिकागोला कशी आली ते मी सांगत बसत नाही. ग्रासिएला वाईट बाई नाही. पाच वर्षं ती एकाच प्रश्नामागे लागली आहे: आमच्या लोकांतल्या ऑटिस्टिक मुलांचं निदान उशिरा का होतं, आणि निदान झाल्यावरही मदत त्यांच्या दारापर्यंत का पोचत नाही. हा प्रश्न माझ्या आईला विचारला असता तर तिने पाच मिनिटांत उत्तर दिलं असतं आणि वर गोड पाव खायला घातला असता. पण आईला विचारलं तर त्याचा निबंध होत नाही. ग्रासिएलाने हात वर करून हशा थांबवला आणि म्हणाली की याला आम्ही ‘पाहुणचाराचं उत्तर’ असं नाव दिलं आहे. लॅटिना आया घरी आलेल्या माणसासमोर मुलांची तक्रार करत नाहीत. सगळं छान चाललंय म्हणतात. त्यामुळे मुलांचे स्वावलंबनाचे गुण वर जातात आणि मदत नाकारली जाते. पुढच्या रांगेतल्या एका दाढीवाल्याने ‘पाहुणचाराचं उत्तर’ वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मी खुर्चीत बसून राहिले. पाहुणचार नव्हता तो, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं, आणि मलाही ते फार उशिरा कळलं होतं.

माझं काम साधं. घरोघरी जायचं, सत्तेचाळीस प्रश्न विचारायचे, समोरचं माणूस सांगेल ते लिहायचं. कधीच नाही, कधीकधी, नेहमी. तीनच खाने. त्याच कागदाची एक प्रत सरकारी मदतकेंद्रात जायची, म्हणजे त्या घराला घरी येणारी मदतनीस द्यायची की नाही ते ठरायचं. एउलालिया बेनितेस हिच्याकडे मी ऑक्टोबरात गेले. वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची आमच्यात रीत नाही, म्हणून मानाचं ‘दोन्या’ लावून ती माझी दोन्या लाला झाली, पहिल्या दहा मिनिटांतच. दोन खोल्यांचं घर, नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला, एकच मुलगी, नेरेइदा. मी गेले तेव्हा फरशी ओली होती, नुकतीच पुसलेली. टेबलावर वाफाळतं चॉकलेटचं आतोले, म्हणजे मक्याच्या पिठाची गोड पेज, पाव, माझ्यासाठी कागदी रुमाल. नेरेइदाच्या दोन वेण्या इतक्या घट्ट घातलेल्या की तिच्या भुवया ताणल्या गेल्या होत्या. ती आईला खेटून बसली होती आणि टेबलाच्या कडेवरून एक बोट पुढे-मागे फिरवत होती. ती बोलत नाही. मोठा आवाज झाला की कानावर हात ठेवते, आणि अनोळखी माणसाने अंगाला हात लावला तर चावते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी लालाने यातलं काहीच सांगितलं नाही. मी फॉर्मवर आमच्या लोकांसाठी वापरलेला ‘लॅटिनएक्स’ हा शब्द वाचून दाखवला तेव्हा तिने विचारलं, ‘हे कुठलं औषध, पोरी?’ मी हसले, तीही हसली, आणि मग सत्तेचाळीस प्रश्न आम्ही तसेच हसतखेळत उरकले. आंघोळ करते का? करते. केस विंचरते का? विंचरते. एकटी राहू शकते का? ‘का नाही राहणार? माझ्यापेक्षा शहाणी आहे.’ आणि हे म्हणताना तिने कप उचलला, तेव्हा बाही वर सरकली आणि मनगटावर दातांचे व्रण दिसले. एक जुना, एक ताजा. मी बघितलं. मी बघितलं हे तिने बघितलं. मी ‘नेहमी’वर खूण केली.

फॉर्मच्या शेवटी एक चौकट असते, मुलाखत घेणाऱ्याचे शेरे. ती मी कोरी ठेवली. ठेवली म्हणजे काय, ठेवायला शिकले होते. कामावर घेताना ग्रासिएलाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की निदिया, तुझा भाऊ ऑटिस्टिक आहे, तेव्हा तुझ्या डोळ्यांना सगळीकडे तोच दिसेल. तू ऐकलेलं लिही, बघितलेलं लिहू नकोस. मला ते पटलं होतं. इतकंच नाही, त्यात मला एक सुटका वाटली होती. कारण ऐकलेलं तसंच्या तसं पोचवायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, हे मला आयुष्यात एकदा जमलं नव्हतं. तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि माझा भाऊ एवारिस्तो तीन. आईला फक्त स्पॅनिश यायचं, इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मला शाळेतून काढून दवाखान्यात नेलं होतं. आमच्या वस्तीतली सगळी मुलं हे करायची. आईबापांची दुखणी, घरमालकांची भांडणं, सगळं आमच्या तोंडातून जायचं. आई डॉक्टरला सांगत होती की हा बोलत नाही, भिंतीवर डोकं आपटतो, माझ्याकडे बघत नाही, मला भीती वाटते. आई रडत होती. दारातून माझ्या वर्गातल्या मुलीची आई, तिथली परिचारिका, आत-बाहेर करत होती. मला आईची लाज वाटली, एवारिस्तोची वाटली, आमच्या घरात भिंतीवर डोकी आपटतात हे उद्या वर्गात कळणार होतं. मी डॉक्टरला म्हणाले, ‘आई म्हणते, तो थोडा खोडकर आहे.’ डॉक्टरने माझ्या डोक्यावर थोपटलं आणि ‘हुशार मुलगी’ म्हणाला. एवारिस्तोचं निदान झालं एकोणिसाव्या वर्षी. आता तो शहराबाहेरच्या एका संस्थेत राहतो, तिथे त्याच्याशी त्याच्या भाषेत कोणी बोलत नाही. तसा तो कुठल्याच भाषेत बोलत नाही, असं तिथले लोक मला समजावतात. आईला मी हे कधीच सांगितलं नाही. ती मेली तरी ‘डॉक्टर नीट ऐकत नाहीत’ असंच म्हणत मेली.

तर मी ऐकलेलं लिहिलं, अगदी प्रामाणिकपणे. जानेवारीत लालाला पत्र आलं की मुलगी स्वावलंबी असल्याने मदतनीस मंजूर करता येत नाही. त्याच आठवड्यात तिच्या डॉक्टरने सांगितलं की हृदयाची झडप बदलायला हवी, वसंतापर्यंत थांबण्यात अर्थ नाही. आठ दिवस दवाखान्यात आणि पुढे दोन महिने काही उचलायचं नाही. लालाने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज शांत होता, जणू दुकान कधी उघडतं ते विचारतेय. आठ दिवस नेरेइदाजवळ कोण? शेजारणींनी प्रयत्न करून बघितला होता, एकीच्या हाताला टाके पडले होते. शिकलेलं माणूस हवं, आणि तेही आधीपासून रोज येऊन तिच्या सवयीचं झालेलं. ‘मदतनीस नाही तर मी झोपत नाही त्या टेबलावर,’ लाला म्हणाली. ‘मी मेले तर ते तिला कुठे ठेवतील ते मला माहीत आहे. तुझ्या भावाला ठेवलंय तिथे.’ एवारिस्तोबद्दल मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. मी ग्रासिएलाला विभागाच्या व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, माझ्याकडून चूक झाली, तो कागद परत भरू या. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अभ्यासाची माहिती आता बंद झाली आहे, म्हणाली, त्यात हात घालता येणार नाही. कुटुंब अपील करू शकतं, आणि तू वैयक्तिक म्हणून मदत करायला मोकळी आहेस, फक्त आमचं नाव नको. मग तिचे डोळे चमकले. ‘पण निदिया, आपण जे मांडतोय ते नेमकं हेच तर आहे.’ तिला खरंच वाईट वाटत होतं आणि खरंच आनंद झाला होता. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी थँक्यू म्हणाले.

लालाकडे गेले ते जरा तावातच. म्हटलं, दोन्या लाला, मी परकी नव्हते, माझ्यासमोर कसला मोठेपणा करायचा? मनगट लपवून काय मिळवलंत? ती मक्याच्या रोट्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘तुझ्यासाठी खोटं बोलले असं वाटतं तुला? तू कोण एवढी लागून गेलीस?’ मग मान न वळवता हनुवटीने खिडकीकडे खूण केली. तिथे नेरेइदा बसली होती, काचेवरून एक बोट पुढे-मागे फिरवत. ‘ती बसली होती ना शेजारी. ती सगळं ऐकते. चोवीस वर्षं शाळेत, दवाखान्यात, चर्चमध्ये लोक तिच्या डोक्यावरून बोलतात, हिला हे येत नाही, हिला ते कळत नाही. मीही तिच्या तोंडावर तेच म्हणू? आई ना मी तिची?’ सत्तेचाळीस प्रश्न मी विचारले होते, नेरेइदाकडे बघत, नेरेइदाबद्दल, आणि ती ऐकते आहे हे माझ्या मनालाही शिवलं नव्हतं. मी, एवारिस्तोची बहीण. पाच वर्षांच्या त्या अभ्यासात तिच्यासाठी एक प्रश्न नव्हता.

अपिलाची सुनावणी फोनवर होणार होती, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी दहाला. अधिकारी प्रश्न विचारणार, आईने तोंडी उत्तरं द्यायची. मुलीला बाहेर नेऊन बसवा म्हणावं तर बसवणार कोणाजवळ? तेच तर भांडण होतं. युक्ती लालाची. मी माझी म्हणून सांगितली असती तर बरं वाटलं असतं, पण तिचीच होती, आणि मी ती लगेच उचलली. ‘दुभाषी तू हो,’ ती म्हणाली. ‘मी माझ्या मुलीसमोर माझं बोलीन. तू तुझ्या इंग्रजीत त्या बाईला हवं ते सांग.’ किती सोपं. दहा वर्षांची असताना मी आईचं खरं बोलणं गोड करून सांगितलं होतं. आता लालाचं गोड बोलणं खरं करून सांगायचं. त्या दिवशी बसने जाताना मला चक्क हलकं वाटत होतं. फेड होणार, असं काहीतरी वाटत होतं. माणूस स्वतःला किती सहज माफ करतो.

फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. अधिकारी बाईचा स्वर थकलेला पण सभ्य होता. सरकारी दुभाषी मिळायला वेळ लागेल, तुमच्याकडे कोणी आहे का, असं तिने विचारलं आणि मी आहे म्हटल्यावर तिला बरंच वाटलं. लालाने इस्त्रीचा ब्लाउज घातला होता. नेरेइदा शेगडीपाशी उभी होती, तव्यावरची रोटी फडक्याने दाबत. पहिला प्रश्न आला, केस स्वतः विंचरते का. लाला मुलीकडे बघत म्हणाली, ‘विंचरते. माझ्या डोक्यावरून असा हात फिरवते की माझं दुखणं थांबतं.’ मी फोनमध्ये म्हणाले, ‘नाही. तिला जमत नाही.’ आंघोळ? ‘माझी मुलगी पाण्यातली मासोळी.’ मी म्हणाले, ‘नाही. तिला जमत नाही.’ लालाला चेव चढला. इतक्या वर्षांत असं कोणी तिला विचारलंच नव्हतं, आणि मुलीसमोर मुलीचं कौतुक करायला सरकारनेच वेळ दिला होता. तिचे गाल लाल झाले होते. ही माझे हातपाय आहे, हिला पावसाआधी पाऊस कळतो, हिने मला नवरा गेल्यावर जगवलं. मी प्रत्येक वाक्याच्या मागोमाग माझं वाक्य ठेवत गेले. नाही. जमत नाही. कधीच नाही. त्यातलं बहुतेक खरं होतं. मग बुटांचा प्रश्न आला. लाला म्हणाली, ‘बूट ती स्वतः घालते. नाडीसकट. सहा वर्षं लागली शिकायला, पण घालते.’ हे कौतुक नव्हतं, नुसतंच खरं होतं. मी स्वतः बघितलं होतं. इथे मला थांबता आलं असतं. पण मी मनात गुण मोजत होते, काठावर होते, आणि जीभ एव्हाना वळणाला लागली होती. ‘नाही,’ मी म्हणाले. ‘तिला जमत नाही.’

तेवढ्यात माझ्या तोंडावर हात आला. गरम, पिठाचा, घट्ट. नेरेइदा माझ्यामागे उभी होती. कोणाला हात लावू न देणाऱ्या त्या मुलीने माझं तोंड तळहाताने दाबून धरलं होतं. बावीस वर्षांची होईपर्यंत ती इंग्रजी शाळेत होती. घरी दिवसभर टीव्ही, तोही इंग्रजी. आम्ही दोघींनी तिच्याबद्दल सगळा विचार केला होता, फक्त ती काही शिकली असेल हा सोडून. फोनमधून आवाज आला, ‘हॅलो? तुम्ही आहात ना?’ लाला माझ्याकडे बघत होती, काय झालं हे तिला कळत नव्हतं. मी तो हात दोन्ही हातांनी धरून खाली घेतला. तिने जोर लावला नाही. ती चावली असती तर बरं झालं असतं. मी म्हणाले, माफ करा, पुढचा प्रश्न घ्या. आणखी एकोणीस प्रश्न होते. एकोणीस वेळा मी ते वाक्य म्हणाले, आणि तिचा हात माझ्या हातात होता.

मदतनीस मंजूर झाली. ब्रिसिया नावाची, शांत, वयस्क, दुपारी दोनपर्यंत येते. तीन आठवड्यांत नेरेइदाला तिची सवय झाली. लालाची झडप बदलली, ते आठ दिवस ब्रिसिया रात्रंदिवस तिथेच राहिली. सगळं हवं तसं झालं, अगदी जसं मागितलं तसं. ग्रासिएलाने आज शेवटी तेही सांगितलं. हे कुटुंब हरलं नाही, म्हणाली, आमच्या निदियामुळे त्यांना मदत मिळाली, निदिया, उभी राहा. मी उभी राहिले. टाळ्या झाल्या. दाढीवाल्याने मागे वळून मान डोलावली. जेवायला न थांबता मी बाहेर पडले. मार्च संपत आला होता, रस्त्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ आणि त्यावर ते वितळायला टाकलेलं मीठ. बस रिकामी होती. मला खूप राग आला होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. ग्रासिएलावर ठेवावा तर तिने फक्त निबंध लिहिला होता.

लाला उशांना टेकून बसली होती. ब्रिसिया नुकतीच गेली होती. नेरेइदाला या वेळेला खाली जिन्यापर्यंत फेरी लागते, ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, बूट समोर जमिनीवर. मला बघून तिने उजवा पाय पुढे केला आणि तसाच धरला. लालाने फोनवर मला हे आधीच सांगितलं होतं. त्या गुरुवारपासून ती बूट घालत नाही. कोणीतरी घालेपर्यंत पाय पुढे करून बसते, तासभरसुद्धा. आता कंगवाही हातात घेत नाही, रोटीही उलटत नाही. डॉक्टर म्हणतो, घरात नवीन माणूस आलं की असं होतं. मी बुटाला हात घालणार तोच लालाने मला थांबवलं. तिचा आवाज टाक्यांमुळे हळू होता. रागावलेला नव्हता, आणि राग असता तर मला सोपं गेलं असतं.

‘तिला सांग,’ ती म्हणाली. ‘तुला जमतं म्हणून सांग. मी रोज सांगते, ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तू सांग, पोरी, तुझ्या इंग्रजीत. तुझं इंग्रजी ती खरं मानते.’

मी नेरेइदासमोर जमिनीवर बसले. सांगितलं, इंग्रजीत. मग पुन्हा एकदा सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पाय तसाच पुढे होता.